आतल्या कपड्यांची गोष्ट

इतिहासाच्या पुस्तकांत पगड्यांना जागा आहे, अंगरख्यांना आहे, शालू-पैठण्यांनाही आहे. कोणत्या राजाने कोणाला कोणता पोशाख देऊन गौरवले, त्याच्या याद्या दप्तरांत जपून ठेवलेल्या आहेत. मात्र त्या शालूच्या आत बाई काय घालत होती, हे विचारायला गेले की दप्तरे गप्प होतात. या विषयावर रेडिओवर बोलणार आहे असे सांगितले तेव्हा माझ्या मैत्रिणी आधी हसल्या आणि मग म्हणाल्या, "बाई गं, जरा आवाज खाली ठेवून बोल!" रेडिओवर आवाज खाली ठेवून बोलता येत नाही. म्हणून नेहमीच्याच आवाजात बोलते.

दप्तरे गप्प असण्याचे एक कारण साधे आहे. भारी वस्त्र पेटीत घडी घालून राहते आणि नातीपर्यंत पोहोचते. आतला कपडा अंगावरच विरतो. विरला की त्याचे फडके होते, फडक्याचे पोतेरे होते आणि मग तो चुलीत जातो. वस्तुसंग्रहालयापर्यंत यायला तो उरतच नाही. कुठे उरलाच, तर तो अपघाताने. ऑस्ट्रियात लेंगबर्ग नावाचा एक जुना किल्ला आहे. २००८ मध्ये त्याची दुरुस्ती करताना तक्तपोशीखाली भर म्हणून टाकलेला कचरा निघाला. त्यात तागाच्या कापडाचे तुकडे होते, आणि त्या तुकड्यांत दोन वाट्या शिवलेल्या चोळ्या होत्या. तपासणीअंती त्या पंधराव्या शतकातल्या ठरल्या. २०१२ मध्ये ही बातमी जगभर पसरली आणि विद्वानांना आपली मते बदलावी लागली. तोवर सगळे असेच समजत होते की, असा कपडा म्हणजे विसाव्या शतकाची देणगी. पाचशे वर्षांपूर्वीच्या कुण्या बाईने आपल्या सोयीसाठी तो केव्हाच शिवून पाहिला होता. तिचे नाव मात्र कोणालाच माहीत नाही.

मी कविता लिहिणारी बाई. कापड हाती लागले नाही, तर मी शब्दांकडे जाते. शब्द विरत नाहीत. आणि या कपड्यांचे शब्द मोठे गमतीचे आहेत. संस्कृतात चोळीसाठी 'कूर्पासक' असा शब्द आहे. अमरकोशात तो आहे, कालिदासाच्या 'ऋतुसंहारा'तही आहे. त्याचा संबंध जोडतात 'कूर्पर' या शब्दाशी, म्हणजे आपल्या कोपराशी. कोपरापर्यंत येते ती कूर्पासक. आता फ्रेंच भाषेकडे वळा. ज्या 'ब्रासिएर'चे आपण 'ब्रा' केले, त्याच्या मुळाशी 'ब्रा' म्हणजे दंड, हात. एकमेकींशी काही देणेघेणे नसलेल्या दोन भाषांनी छातीवरच्या कपड्याला हाताचे नाव दिले! आपल्याकडे 'अंगिया' आली ती 'अंग' म्हणत, आणि इंग्रजीतून 'बॉडी' आली तीही अंगच म्हणत. नेमके कोणते अंग, ते कोणी बोलायचे नाही. उर्दूत याच कपड्याला एक नाव आहे, 'महरम'. महरम म्हणजे ज्याच्यापासून पडदा नाही तो, जवळचा, मनातले गुपित ठाऊक असलेला. कपड्याला इतके सुंदर नाव दुसऱ्या कोणत्या भाषेत असेल असे मला वाटत नाही.

आणखी एक जोडी सांगते. आपल्याकडे मुलींना फ्रॉकच्या आत 'शमीज' घालत. हा शब्द फ्रेंच-इंग्रजीतून आला. आणि सलवारीवरची 'कमीज' आली अरबीतून. दोन्हींचे मूळ शोधत गेले की, जुन्या लॅटिनमधल्या 'कामिसिया' या एकाच शब्दापाशी पोहोचता येते. एक बहीण युरोपातून आली, दुसरी अरबस्तानातून, आणि दोघी महाराष्ट्रातल्या एकाच दोरीवर वाळत पडल्या.

आता आपल्या चोळीकडे येऊ. शिवलेले कपडे परक्यांनी आणले असे एक मत ठासून सांगितले जाते. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातली महाजनक जातकातली नर्तकी पाहा. तिच्या अंगात लांब बाह्यांचा शिवलेला कपडा आहे. चित्र दीड हजार वर्षांपूर्वीचे. त्याच भिंतींवर छातीला नुसती पट्टी बांधलेल्या स्त्रिया आहेत आणि काहीच न घातलेल्याही आहेत. म्हणजे एकाच काळात तिन्ही रीती नांदत होत्या, आणि उघडे-झाकलेले यावरून कोणाची अब्रू ठरत नव्हती.

आपल्या लोककथेत तर सगळे रामायणच चोळीवरून घडते. सीतेला सोनेरी हरणाच्या कातड्याची चोळी हवी होती, म्हणून राम हरणामागे गेला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. जुन्या पिढीतल्या वडार बायका चोळी घालत नसत. त्याचे कारण विचारले की त्यांच्यात हीच कथा सांगितली जाई. ज्या चोळीपायी सीतेला वनवासात आणखी वनवास झाला, ती आम्हाला नको. दगड फोडणाऱ्या बाईच्या उघड्या खांद्याकडे बघून ज्यांनी नाके मुरडली, त्यांना या नकारामागे केवढी सहवेदना आहे हे कधी कळलेच नाही.

महाराष्ट्राची जुनी चोळी खणाची. खण म्हणजे एका चोळीला पुरेल एवढे कापड. गुळेदगुडचे खण आजही नावाजलेले आहेत. या चोळीला बटण नाही, हूक नाही, पुढे गाठ. अंगाबरोबर बसणारी, तिरप्या तुकड्यांची तिची बेतणी अवघड असते. आत वेगळे काही घालायची गरज पडू नये, अशीच ती शिवलेली असते. खालच्या अंगाला नऊवारीचा काष्टा. लुगडे दोन पायांतून मागे खोचले की तेच बाहेरचे वस्त्र आणि तेच आतले. शेतात वाकायला, पाण्यात उतरायला, घोड्यावर बसायला त्याच्यासारखे दुसरे नाही. सांगायचा मुद्दा असा की, आपल्याकडे 'आतला कपडा' ही गोष्टच फारशी जुनी नाही. बाहेरचा कपडा बदलला तेव्हा आतला जन्माला आला.

या चोळीवर मराठीत दोन तऱ्हांची कविता झाली. एक शाहिरांची. लावणीतली चोळी तंग असते, भरजरी असते, तिची गाठ सुटू पाहत असते. ती बाहेरून पाहिलेली चोळी आहे. दुसरी कविता जात्यावरची. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या. त्यांतही चोळी आहे, पण तंग की सैल हा तिथे प्रश्नच नाही. खण कोणी घेतला, भावाने घेतला की नवऱ्याने, बाजार कुठला, शिंप्याने किती दिवस लावले, वहिनीने तोंड वाकडे केले का, हे तिथले प्रश्न. ती आतून पाहिलेली चोळी आहे. मी स्वतः कविता लिहू लागले तेव्हा माझ्यासमोर शाळेच्या पुस्तकांतून पहिली आली, दुसरी फार उशिरा. उलटे झाले असते तर बरे झाले असते.

चोळी म्हणजे नाते, चोळी म्हणजे हक्क. भाऊबीजेला चोळी, ओटीला खण, बाळंतिणीला चोळी. गर्भार लेकीला तिसऱ्या महिन्यात आई गुपचूप नेसायला-घालायला देते ती 'चोरचोळी'. बातमी अजून गावाला सांगायची नाही, पण आईला कळली आहे, एवढे ती चोळी सांगते. मोठ्या घराण्यांत राजस्त्रियांच्या खासगी खर्चासाठी जे उत्पन्न तोडून दिले जाई, त्यालाही 'चोळीबांगडी' असेच म्हणत. बाईच्या स्वतःच्या मालकीचे जे काही, त्याला नाव चोळीचे.

ज्या वस्तूला हक्काचे नाव असते, ती काढूनही घेता येते. ब्राह्मण घरांतल्या सोवळ्या झालेल्या विधवेची आठवण करा. केस गेले, बांगड्या गेल्या, कुंकू गेले. चोळीही गेली. अंगावर फक्त लाल आलवण. बारा-तेरा वर्षांच्या मुलीलाही तेच. थंडीत, तापात, चार माणसांत वाढताना, त्या एका पदराखाली तिने आपले अंग कसे सांभाळले असेल? तिच्या दुःखावर आपल्या साहित्यात पुष्कळ लिहिले गेले, पण ते बहुधा केसांबद्दल. चोळीबद्दल लिहायला लिहिणाऱ्यांना संकोच वाटला असावा.

दक्षिणेत त्रावणकोर संस्थानात हीच गोष्ट जातीवरून चालली होती. वरच्या जातींपुढे छाती झाकणे हा खालच्या जातींच्या बायकांचा अपराध समजला जाई. नाडार समाजातल्या ज्या बायका ख्रिस्ती झाल्या, त्यांना एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात 'कुप्पायम' घालायला परवानगी मिळाली. कुप्पायम म्हणजे सीरियन ख्रिस्ती आणि मापिला मुसलमान बायका घालत ती बाह्यांची बंडी. पण त्यांना वरच्या जातींसारखे उपरणे हवे होते. त्यावरून बाजारात बायकांचे कपडे फाडले गेले, घरे जाळली गेली. चाळीसेक वर्षे हा तंटा धुमसत राहिला. शेवटी १८५९ मध्ये महाराजांचा जाहीरनामा निघाला. नाडार बायकांना अंग झाकायची मुभा मिळाली, पण वरच्या जातींच्या पद्धतीने नव्हे, ही अट राहिलीच. पुढे १९१५ मध्ये पेरिनाड येथे अय्यंकाळींच्या सांगण्यावरून पुलय जातीच्या बायकांनी गुलामीची खूण असलेल्या दगडी मण्यांच्या माळा भर सभेत तोडून टाकल्या आणि अंगात पोलकी घातली. आज आपण जो कपडा घडीखाली लपवतो, तो मिळवण्यासाठी आपल्याच देशातल्या बायकांनी मार खाल्ला आहे.

परकराची गोष्ट मात्र आपल्या मुंबईची आहे. सत्येंद्रनाथ ठाकूर हे पहिले भारतीय आय.सी.एस. रवींद्रनाथांचे थोरले भाऊ. १८६४ मध्ये त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली आणि त्यांनी पत्नीला बरोबर न्यायचे ठरवले. तिचे नाव ज्ञानदानंदिनी. बंगाली घरांत तेव्हा बायका नुसती एकच साडी गुंडाळत, आत काही नाही. तशा वेशात बाहेर पडणार कसे? एका फ्रेंच शिंपिणीकडून काहीतरी विलायती थाटाचा पोशाख शिवून घेतला. तो इतका अवघड झाला की, नवऱ्याच्या मदतीशिवाय घालताच येईना. मुंबईत हे जोडपे माणेकजी करसेटजी यांच्या पारशी कुटुंबात राहिले. तिथे ज्ञानदानंदिनींनी पारशी बायकांची रीत पाहिली. आत सुदरा, वर पोलके, खाली परकर आणि त्यावर साडी. सुदरा हे पारशांचे पवित्र वस्त्र, पांढऱ्या मलमलीचे, स्त्री-पुरुष दोघांनीही अंगाशी घालायचे. आतल्या कपड्याला ज्यांनी धर्मात स्थान दिले, त्यांच्याकडून ही बंगाली बाई कपडे घालायला शिकली. त्या रीतीत थोडे फेरफार करून ती कलकत्त्याला घेऊन गेली. 'बामाबोधिनी पत्रिके'त तिने जाहिरात दिली की, ज्यांना शिकायचे असेल त्यांना मी शिकवीन. आज आसामपासून केरळपर्यंत साडीखाली परकर आणि वर ब्लाऊज दिसतो, त्याच्या अनेक मुळांपैकी एक मूळ मुंबईतल्या त्या पारशी घरात आहे.

आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेल्या. तिथल्या थंडीत नऊवारीने पोटऱ्या आणि कंबर उघडी पडत. विलायती झगा घालायला मन घेईना. शेवटी त्यांनी गुजराती पद्धतीने, परकरावरून साडी नेसायचे ठरवले आणि तसे गोपाळरावांना कळवले. गोपाळरावांना ते रुचले नाही. सातासमुद्रापलीकडे एकटी मुलगी अभ्यास करते आहे, बर्फ पडते आहे, आणि पत्रांतून चर्चा चालली आहे ती साडी कशी नेसावी याची!

पुढे पाचवारी आली, शहरातल्या शिकलेल्या बायकांनी ती उचलली आणि परकर अटळ झाला. गाठीची चोळी मागे पडली. पोलके आले, झंपर आला, मग ब्लाऊज. पोलके हा शब्दही इंग्रजी 'पोलका जॅकेट'वरून आल्याचे सांगतात. हे नवे कपडे चोळीसारखे अंगाशी घट्ट नव्हते, कापडही पातळ होते. त्यामुळे आत आणखी काहीतरी हवे झाले. अशी आपली 'बॉडी' आली.

तिकडे युरोपात प्रवास उलटा होता. तिकडे कपडे वाढवायचे नव्हते, कमी करायचे होते. देवमाशाच्या तोंडातल्या पट्ट्या आणि पोलादाच्या कांबी घालून शिवलेला कॉर्सेट मागून दोऱ्यांनी आवळायचा. त्याने श्वास कोंडे, घेरी येई. वर घेरासाठी पोलादी पिंजरा. १८८१ मध्ये लंडनच्या काही स्त्रियांनी 'रॅशनल ड्रेस सोसायटी' काढली. तिची मागणी ऐकून आज हसू येईल. आतल्या कपड्यांचे एकूण वजन सात पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे तीन किलोंपेक्षा जास्त असू नये! यावरून आधी ते किती असेल याचा अंदाज करा. न्यूयॉर्कच्या मेरी फेल्प्स जेकब या तरुणीने दोन हातरुमाल आणि रिबीन जोडून बिनकांबीची चोळी केली, १९१४ मध्ये तिचे पेटंट घेतले आणि पुढे पंधराशे डॉलरला ते विकून टाकले. विकत घेणारी कंपनी कॉर्सेटचीच होती. १९३०च्या दशकात ए, बी, सी, डी अशी मापे ठरली. नायलॉन आले, पण युद्ध सुरू होताच ते पॅराशूटकडे वळले. १९५८ मध्ये ताणले जाणारे स्पॅन्डेक्स सापडले आणि नाडी-बंदांची सद्दी संपली.

एक गैरसमज इथेच दूर करते. १९६८ मध्ये अमेरिकेत अटलांटिक सिटीला सौंदर्यस्पर्धेविरुद्ध बायकांनी निदर्शने केली आणि ब्रा जाळल्या, असे आपण वर्षानुवर्षे वाचत आलो. तिथे एक पिंप ठेवले होते. त्यात उंच टाचांच्या चपला, कुरळे करायची साधने, मासिके आणि हेही कपडे टाकले गेले. पेटवले मात्र काहीच नाही. तरी 'ब्रा जाळणाऱ्या बायका' ही शिवी अजून टिकून आहे. त्यानंतर नऊ वर्षांनी, १९७७ मध्ये, तीन अमेरिकन मैत्रिणींनी पुरुष खेळाडूंचे दोन लंगोट जोडून धावणाऱ्या बायकांसाठी पहिली स्पोर्ट्स ब्रा शिवली. दोन हातरुमाल, दोन लंगोट. ज्याने बाईचे जगणे खरोखर सोपे झाले, ते बहुतेक वेळा बाईनेच घरच्या चिंध्यांतून शिवले आहे.

माझ्या लहानपणी, म्हणजे सत्तरच्या दशकाच्या शेवटाला, आमच्या गल्लीत तयार ब्रा फक्त मास्तरणीबाई आणि नर्सबाई यांच्याकडे असत. बाकी सगळ्यांकडे घरी शिवलेली 'बाडी'. मांजरपाट किंवा उरलेले पॉपलीन, पुढे बटणे, पाठीवर पट्टा. आई उषा मशीनवर ती शिवायची आणि शेजारच्या हिंदू बायकाही कापड घेऊन यायच्या. मापाची टेप वापरत नसत. नजरेनेच माप. धर्म वेगळे, सण वेगळे, चोळी-कुर्ती वेगळी. आतली बाडी मात्र सगळ्यांची एकाच कागदी बेताची. ती वाळत घालायची जागाही सगळ्यांची एकच. दोरीवर, पण टॉवेलखाली. ऊन लागू नये अशी व्यवस्था करून वाळत घातलेला तो एकच कपडा. पावसाळ्यात तो दमटच अंगावर चढे आणि कातडीला चट्टे उठत. त्यावर आम्ही पावडर लावत असू. कपडा उन्हात टाकावा, हे कोणी म्हणत नसे.

२०१३ मध्ये मुंबई महापालिकेत ठराव मंजूर झाला की, दुकानाबाहेर आतले कपडे घातलेल्या बाहुल्या ठेवू नयेत, त्याने स्त्रियांवरचे अत्याचार वाढतात. प्लॅस्टिकच्या बाहुलीला शिक्षा देणे सोपे असते. त्याच शहरात दुकानदार तो कपडा वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून, नजर चुकवत देतो, आणि बाई मापाला बसेल की नाही हे न विचारता पैसे देऊन निघते. आता मोबाइलवरून मागवता येते, ही मोठीच सोय झाली. पण ती सोय लाज टाळण्याची आहे. लाज गेली असे नाही.

या लाजेची किंमत काय असते, ते सांगून थांबते. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनी इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या डॉक्टरांनी 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या नियतकालिकात दोन रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. दोघीही वयस्क. एक नऊवारीच्या आत परकराची नाडी वर्षानुवर्षे करकचून बांधत आलेली. दुसरी परकर न वापरता लुगडेच कमरेला आवळून नेसणारी. दोघींच्या कमरेवर त्या घासण्याने जखम झाली, ती बरी होईना, आणि तिथे कातडीचा कर्करोग झाला. पहिलीची जखम दीड वर्ष वाहत होती, दुसरीची दोन वर्षे. दुसरीचा रोग जांघेतल्या गाठीपर्यंत पोहोचला होता. असे क्वचितच घडते, घाबरून जायचे कारण नाही. नाडी सैल बांधावी, रुंद पट्टा लावावा, कमरेवर काळा वळ किंवा खरचट दिसली तर काही दिवस नाडीची जागा बदलावी, आणि जखम भरत नसेल तर दाखवून घ्यावे.

पण दीड वर्ष आणि दोन वर्षे, हे आकडे माझ्या डोक्यातून जात नाहीत. नाडीच्या जागची जखम. ती सुनेला कशी दाखवायची, मुलाला कशी सांगायची, डॉक्टर पुरुष असेल तर काय? हा सगळा विचार करण्यात किती दिवस गेले असतील, ते आपल्यापैकी प्रत्येक बाईला समजू शकते. म्हणून, ज्यांच्या घरी आई आहे, आजी आहे, सासू आहे, त्यांनी आज एवढे करावे. जवळ बसून विचारावे, की कमरेला नाडी काचते का? आणि दोरीवरचा तो टॉवेल जरा बाजूला सारावा. ऊन सगळ्या कपड्यांना लागू दे.